मदत हवी आहे: येलिच की बेलिंजर? सूर हरवलेल्या दोघांपैकी कोणाला ठेवू?

धागाकर्ता, नोव्हेंबर २०२२

नमस्कार मंडळी,

इथे बेसबॉल नियमित बघणारे थोडेच असतील, पण अमेरिकेतले काहीजण नक्की वाचतील म्हणून विचारतोय. आमची मित्रांची फँटसी लीग आहे (खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ करायचे आणि त्यांच्या आकड्यांवर गुण मोजायचे). मोसम संपला की पुढच्या वर्षासाठी मोजके खेळाडू राखता येतात, बाकीचे सोडावे लागतात. माझी यादी जवळजवळ ठरली आहे. शेवटच्या जागेवर घोडं अडलंय: ख्रिश्चन येलिच की कोडी बेलिंजर?

पार्श्वभूमी थोडक्यात. २०१९ मध्ये नॅशनल लीगच्या एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) किताबासाठी याच दोघांची चुरस होती. लॉस एंजेलिस डॉजर्स संघाच्या बेलिंजरने ४७ होम रन (षटकारासारखे फटके) मारले, बॅटिंग सरासरी .३०५ (म्हणजे हजारातल्या ३०५ संधींत हिट). मिलवॉकी ब्रूअर्सच्या येलिचने ४४ मारले, सरासरी .३२९. पण १० सप्टेंबरला मायामीत येलिचने मारलेला फाउल चेंडू त्याच्याच उजव्या गुडघ्यावर आदळून वाटी फुटली आणि त्याचा मोसम तिथेच संपला. किताब बेलिंजरला गेला. येलिचला तो आदल्या वर्षी मिळालेला होता.

त्यानंतर दोघांचीही घसरण झाली. येलिच २०२० मध्ये .२०५, मग .२४८ आणि यंदा .२५२. यंदा १५४ सामन्यांत फक्त १४ होम रन. बेलिंजरचे आकडे तर बघवत नाहीत: .२३९, .१६५, .२१०. परवा डॉजर्सनी त्याला करारच देऊ केला नाही. यंदा त्याला १ कोटी ७० लाख डॉलर मिळाले होते, पुढच्या वर्षी त्याहून जास्त द्यावे लागले असते, म्हणून सोडून दिला. तीन वर्षांपूर्वीचा एमव्हीपी असा मोकळा सुटतो हे अजून पचत नाहीये.

मी ब्रूअर्सच्याच विस्कॉन्सिनमध्ये राहतो, त्यामुळे येलिचला जवळून बघायला मिळतं. एक दृश्य यंदा फार वेळा बघितलं. तो बॅटिंगला आला की विरुद्ध संघाचा सेकंड बेसमन (दुसऱ्या बेसजवळचा क्षेत्ररक्षक) मातीचा पट्टा सोडून मागे उजवीकडच्या गवतात जाऊन उभा राहतो. येलिच चेंडू सणसणीत मारतो, आवाज ऐकूनच आपण खुर्चीतून उठतो, आणि चेंडू दोन टप्प्यांत सरळ त्या माणसाच्या ग्लव्हमध्ये. तो आरामात पहिल्या बेसकडे फेकतो आणि येलिच अर्ध्या वाटेतच आऊट. ताकद संपली म्हणावं, तर सप्टेंबरमध्ये डेन्व्हरच्या कूर्स फील्डवर याच माणसाने ४९९ फुटांचा होम रन मारला. तिथली हवा विरळ आहे हे मान्य, तरी ४९९!

बेलिंजर मी टीव्हीवरच बघतो. वर टाकलेल्या फास्टबॉलला त्याची बॅट उशिरा पोचते, आणि ती उशिरा पोचते हे प्रत्येक पिचरला (चेंडू फेकणाऱ्याला) कळलंय.

पण तो २७ वर्षांचा आहे, येलिच पुढच्या महिन्यात ३१ चा होईल. नुसतं वय बघायचं तर उत्तर सोपं आहे, पण माझं मन तिकडे वळत नाही. घसरलेला हिटर परत वर येईल की नाही, हे तुम्ही कशावरून ओळखता? नुसतं 'हा घे' म्हणू नका, कारणही सांगा. दोघांवरही माझा मनापासून जीव आहे.

प्रतिसाद १

तुमच्या लीगमध्ये बॅटिंग सरासरी मोजतात की ऑन-बेस (बेसवर सुखरूप पोचण्याचं प्रमाण)? आधी ते सांगा, उत्तर त्यावर अवलंबून आहे.

धागाकर्ता

ऑन-बेस. शिवाय रन, होम रन, आरबीआय (आपल्या फटक्यामुळे झालेले रन) आणि स्टोलन बेस (फटका नसताना पळून पटकावलेले बेस).

प्रतिसाद १

मग येलिच. कारणं सविस्तर लिहितो.

घसरलेल्या हिटरची सरासरी मी सगळ्यात शेवटी बघतो. तिच्यात नशीब फार असतं. आधी बघतो वॉक (चार खराब चेंडू सोडून फुकट मिळालेला पहिला बेस) आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद), कारण कुठला चेंडू सोडायचा ही समज त्यातून दिसते. २०१९ मध्ये बेलिंजरचे ९५ वॉक आणि १०८ स्ट्राइकआउट होते. यंदा ३८ आणि १५०. हे नुसतं वाईट नशीब नव्हे. स्विंगवरचा, म्हणजे स्वतःच्या बॅट फिरवण्यावरचा, विश्वास उडाला की हिटर लवकर ठरवतो, लवकर ठरवलं की खराब चेंडूंच्या मागे जातो. येलिचचे यंदा ८८ वॉक आहेत. सरासरी .२५२ असूनही त्याचं ऑन-बेस .३५५ आहे, बेलिंजरचं .२६५. एवढी दरी वयाने भरून निघत नाही.

दुसरं, दुखणं कुठलं आहे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ब्रेव्ह्जविरुद्धच्या मालिकेतल्या सातव्या सामन्यात बेलिंजरने निर्णायक होम रन मारला आणि किके हर्नांडेझबरोबर हातावर हात आपटून जल्लोष करताना त्याचा उजवा खांदा निखळला. पुढे शस्त्रक्रिया झाली. तो डावखुरा, म्हणजे उजवा खांदा पिचरच्या बाजूचा. सगळा स्विंग तोच खांदा ओढून नेतो. त्यात २०२१ मध्ये पायाचं हाड मोडलं, नंतर बरगडी. येलिचची अडचण पाठीची आहे. तीही साधी नाही, पण त्याचे चेंडू अजून जोरात जातात. यंदा त्याच्या निम्म्याच्या आसपास फटक्यांचा वेग ताशी ९५ मैल किंवा जास्त होता. रोग एवढाच की त्यातले बहुतेक जमिनीवर जातात.

तुम्ही गवतातल्या सेकंड बेसमनचं लिहिलंत ना, तो पुढच्या वर्षी तिथे उभा राहू शकणार नाही. २०२३ पासून नवा नियम आहे: दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर (आतले क्षेत्ररक्षक), आणि चौघांचेही पाय इनफिल्डच्या हद्दीत, मागच्या गवतात नाही. दोघेही डावखुरे, फायदा दोघांनाही होईल, पण जोरदार ग्राउंडर मारणाऱ्या येलिचला जास्त.

प्रतिसाद २

मी बेलिंजरच्या बाजूने. गेल्या वर्षी .१६५ चा मोसम खेळून हाच माणूस पोस्टसीझनमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत) उभा राहिला होता. जायंट्सविरुद्धच्या मालिकेतल्या पाचव्या सामन्यात नवव्या इनिंगला विजयी हिट त्याचाच. तेव्हा त्याचा स्विंग आखूड दिसत होता, चेंडू फक्त बॅटीला लागू दे असा. तो स्विंग त्याच्याकडे आहे. नवा संघ, नवे कोच मिळाले तर तो परत येईल. आपल्या कोहलीलाही जवळजवळ तीन वर्षं शतक नव्हतं, सप्टेंबरमध्ये दुबईत आलंच ना?

प्रतिसाद १

कोहली अधूनमधून पन्नाशी गाठत होता, पाया शाबूत होता. बेलिंजरचा पायाच हलला आहे. तरी आखूड स्विंगचा मुद्दा पटला. खेळाडू निवडण्याच्या अगदी शेवटच्या फेरीत तो मिळत असेल तर जरूर घ्या. राखीव जागा मात्र त्याच्यावर खर्च करू नका.

धागाकर्ता

येलिचला ठेवतोय. दोघांचेही आभार. वॉकचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता.

धागाकर्ता, ऑक्टोबर २०२३

धागा वर काढतोय, कारण आनंदाची बातमी आहे. दोघंही परतले! येलिच .२७८, ऑन-बेस .३७०, १९ होम रन, २८ स्टोलन बेस, १०६ रन. आणि शिकागो कब्ज (Cubs) संघाने एका वर्षासाठी घेतलेला बेलिंजर .३०७, २६ होम रन, ९७ आरबीआय. कब्जच्या रिग्ली मैदानावर त्याने आमच्या ब्रूअर्सना छळलं तरी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

आता पुढचं विचारतो. बेलिंजरचे जोरदार फटके यंदाही कमीच आहेत, २०१९ च्या जवळपासही नाहीत. मग हे टिकेल का?

प्रतिसाद २

स्ट्राइकआउट बघा: १५० वरून ८७. दोन स्ट्राइक झाले की तो होम रनचा नाद सोडून चेंडू हलकेच मोकळ्या जागेत टाकत होता. मला हे कौशल्य वाटतं.

प्रतिसाद १

कौशल्य आहेच. चेंडूंची निवड सुधारली याचा मला फार आनंद झाला. पण हलके फटके एखाद्या वर्षी मोकळ्या जागेत पडतात, पुढच्या वर्षी हातात जातात. सरासरी .२७० च्या आसपास आणि वीसेक होम रन धरून चाला, .३०७ धरू नका. येलिचच्या बाबतीत मला फक्त पाठीची धास्ती आहे. मार्चमधल्या सरावात तो रोज खेळतोय ना एवढं बघा, आणि मगच यादी नक्की करा.