मदत हवी आहे: फक्त आकृतीत दिसणारे वैशिष्ट्य पेटंटच्या दाव्यात घालता येते का?

जखमेच्या कडा ताणून धरणाऱ्या शस्त्रक्रियेच्या रिट्रॅक्टरसाठी भारतात केलेल्या आमच्या अर्जावर पहिला परीक्षण अहवाल आला असून, उत्तरासाठीच्या 6 महिन्यांपैकी 2 उरले आहेत. नावीन्यावर आक्षेप नाही. मात्र पेटंट कायद्याच्या कलम 2(1)(जेए) खाली, म्हणजे शोधात जाणकाराला सहज न सुचणारी कल्पक पायरी आहे का या मुद्द्यावर, परीक्षकांनी दोन जुनी पेटंट एकत्र वाचली आहेत: एकात वाइटलेनर पद्धतीची (स्वतःच उघडा राहणारा रिट्रॅक्टर) दातेरी खटक्याची मूठ, दुसऱ्यात बिजागरीवरचे पाते. त्या पात्याला हाताने फिरवून स्क्रूने आवळावे लागते. आमची बिजागरी तिरपी असल्याने ताण वाढताच पात्याचे टोक आपोआप कलते आणि कडेवरचा दाब पसरतो. हा युक्तिवाद उत्तराच्या मसुद्यात मांडला आहे, पण पहिल्या दाव्यात (नेमके कशावर हक्क मागतो ते सांगणाऱ्या कलमात) नुसते ‘बिजागरीने जोडलेले पाते’ असल्यामुळे तो टिकेल असे वाटत नाही. तिरपेपणाचा उल्लेख वर्णनात राहून गेला (चूक आमचीच), तो केवळ आकृती 3 मध्ये स्पष्ट दिसतो. मूळ अर्ज प्रसिद्ध झाल्याने नवा अर्ज करून उपयोग नाही. कलम 10 प्रमाणे आकृत्या विनिर्देशाचाच (अर्जातील वर्णन व दावे असलेल्या दस्तऐवजाचाच) भाग धरल्या जातात, तर कलम 59 मुळात उघड न केलेले काही घालू देत नाही. अशा वेळी कोनाचा आकडा न देता ‘पात्याच्या अक्षाला तिरपी बिजागरी’ एवढी मर्यादा केवळ आकृतीच्या आधारे दाव्यात घालता येईल का, आणि सुनावणीत अशी दुरुस्ती मान्य झाल्याचा कोणाला प्रत्यक्ष अनुभव आहे का?