मदत हवी आहे: बाबांसाठी ब्लू-रे प्लेअर कोणता घ्यावा?
नमस्कार मंडळी. आमचा जुना डीव्हीडी प्लेअर गेला. ट्रे अर्धा बाहेर येतो आणि कुरकुरत परत आत जातो. बाबांच्या कपाटात दीडशेएक डिस्क आहेत, प्रत्येक कव्हरवर त्यांनी घेतल्याची तारीख लिहिलीय. त्यामुळे ओटीटीचा पर्याय नकोच.

टीव्ही ४के आहे. खरी अडचण रीजनची, म्हणजे डिस्क जगाच्या ज्या भागासाठी काढलेली असते, त्याच भागाच्या प्लेअरवर चालते. भारत ब्लू-रेच्या रीजन सी मध्ये येतो आणि ताईने अमेरिकेहून आणलेल्या डिस्क रीजन ए च्या आहेत. ४के डिस्कना रीजनचं बंधन नसतं, पण ४के प्लेअर घेतला तरी साध्या ब्लू-रेचं कुलूप राहतंच ना?

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ऑल-रीजन प्लेअर पक्क्या बिलासह, वॉरंटीत मिळतो का? कुणी अलीकडे घेतला असेल तर मॉडेल नक्की सांगा. जुन्या डीव्हीडीही चालायला हव्यात.