पिकअपचं इको बटन चालू ठेवायचं की बंद? दोन महिन्यांचं रजिस्टर घेऊन आली आहे

दिघोरीची बिछायतवाली

नमस्कार मंडळी. आमचं नागपुरात दिघोरीला बिछायत केंद्र आहे. मंडप, गाद्या, खुर्च्या, कढया, गंज, लागेल ते. गाडी आमचे हे आणि ड्रायव्हर पाहतात, हिशेब मी पाहते. डिझेल कोणत्या पंपावर, किती, किती किलोमीटरला, सगळं रजिस्टरात आहे. म्हणून प्रश्नही मीच विचारते.

मागच्या दिवाळीत दीड टनाची डिझेल पिकअप घेतली, बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमाची. स्टिअरिंगच्या डावीकडे इकोचं बटन आहे, दाबलं की हिरवा दिवा लागतो. चावी देताना शोरूमवाला म्हणाला, "ताई, हे लावा आणि विसरून जा. पंधरा टक्के डिझेल वाचलंच समजा." आम्ही लावलं, आणि खरंच विसरून गेलो.

आठवण झाली ती त्रिपुरी पौर्णिमेला, रामटेकला. गडाच्या वाटेवर एका ठिकाणी मंडपाचे लोखंडी पाइप न्यायचे होते. मागे पाइप आणि तीन पोरं, पुढे ड्रायव्हर, हे आणि मी. चढ सुरू झाला आणि गाडीचा जीवच गेला. ड्रायव्हरनं पॅडल पार तळाला नेलं तरी इंजिन नुसतं घरघरून राहिलं. तिसरा, दुसरा, मग पहिला. मागून एक ऑटोवाला हॉर्न वाजवून राहिला. क्लचचा जळका वास केबिनमध्ये शिरला, तेव्हा ह्यांना तो हिरवा दिवा दिसला. "बटन काढ बे, बटन!" बटन काढलं आणि गाडी सरसर निघाली, जशी कोणी मागून ढकलली. नवी गाडी, पंधरा दिवसांची, आणि क्लचचा वास. मी घरी येईपर्यंत कोणाशी बोलली नाही.

त्यानंतर घरात दोन पक्ष झाले. हे म्हणतात, इको म्हणजे गाडीचा गळा दाबणं. ड्रायव्हर म्हणतो, राहू द्या, डिझेल वाचते. म्हणून मी एक महिना बटन चालू आणि एक महिना बंद ठेवायला लावलं. लग्नं दोन्ही महिन्यांत जवळपास सारखीच होती.

चालू: १,३१२ किलोमीटर, १०९ लिटर. म्हणजे १२.०४ चा अॅव्हरेज.
बंद: १,२८७ किलोमीटर, १०८ लिटर. म्हणजे ११.९.

डिझेल ९१ रुपये धरलं तर किलोमीटरमागे आठ पैशांचा फरक. महिन्याला शंभर रुपये! एवढ्यात आमच्या माणसांचा सकाळचा तर्री-पोहाही होत नाही. पंधरा टक्के कुठं गेले? माझं मोजणं चुकलं, ड्रायव्हर चुकला, की हे बटन नुसतं शोभेचं आहे?

फुटाळ्याचा फुकटा

बटनाचा खरा फायदा तुम्ही लिहायचा विसरल्या. नवरा-बायकोच्या भांडणात खापर फोडायला तिसरं कोणी मिळते.

डेपोतला माणूस

ताई, पहिले तुमचं अभिनंदन. रजिस्टर ठेवणारा गाडीमालक मले फार कमी भेटला. मी एसटीत मेकॅनिक होतो, आता रिटायर आहो. आमच्याकडे प्रत्येक ड्रायव्हरचा के.एम.पी.एल. निघे, एका लिटरमध्ये किती किलोमीटर काढले तो. एकच गाडी, एकच रूट, आणि दोन ड्रायव्हरांत अर्ध्या-पाऊण किलोमीटरचा फरक. तेव्हा बटन-बिटन काही नव्हतं. फरक होता तो पायाचा.

तुमचं बटन काय करते ते समजून घ्या. आजकालच्या गाडीत पॅडलची तार इंजिनाच्या डिझेल पंपापर्यंत जात नाही. पॅडल कॉम्प्युटरले सांगते आणि कॉम्प्युटर इंजेक्टरले, म्हणजे इंजिनात डिझेल फवारते त्याले. इको लावलं की तुम्ही अर्धं दाबलं तरी कॉम्प्युटर इंजिनाले पावच सांगते. काही गाड्यांत वरची ताकदही कापून टाकते. म्हणजे ज्याले सिग्नल सुटल्याबरोबर गाडी फेकायची सवय आहे, त्याचा पाय ते धरून ठेवते. डिझेल वाचते ते इथं.

पण दीड टन पाइप गडावर चढवायले जेवढं काम लागते तेवढं लागतेच. बटनानं ताकद कमी होते, वजन नाही कमी होत. मग ड्रायव्हर काय करते? पाव भेटलं म्हणून पूर्ण दाबते, गिअर खाली टाकते, क्लच अर्धा धरून ठेवते. इंजिन जास्त फिरते, गाडी कमी सरकते. टर्बोवाल्या इंजिनाले आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, फार खाली पडू दिले तर टर्बो हवाच भरत नाही, अन् मग ते तुमच्या भाषेत घरघरून राहते. भरल्या गाडीनं चढावर इको म्हणजे बैलाले वेसण घालून वर वखर ओढायले लावणं.

कंपन्यांनाही हे माहीत आहे. महिंद्राच्या ब्लॅझो ट्रकमध्ये टर्बो, हेवी आणि लाइट अशी तीन बटनं देतात. मालाप्रमाणे बदला म्हणूनच ना? लावा आणि विसरा असं असतं तर एकच दिलं असतं.

आता तुमच्या मोजण्याबद्दल. तुम्ही महिन्याभराच्या सगळ्या खेपा एका डब्यात टाकल्या. गाद्यांची खेप, पाइपांची खेप, खाली परत येणं, सगळं एकत्र. एकीकडे वाचलं अन् दुसरीकडे गेलं, तर बेरजेत काही दिसणार नाही. वेगवेगळं मोजा. एकच पंप, जमलं तर एकच नोझल, गाडी सपाट जागी, टाकी फुल. नोझल पहिल्यांदा खट् करून बंद झाली की थांबा, वरून "अजून मार" नाही करायचं. तरी एका खेपेत पाव लिटरचा फरक आला तर त्याच्यावर भरवसा ठेवू नका, तेवढं इकडंतिकडं होते.

अन् एक विचारतो, राग मानू नका. लग्नाच्या लॉनवर माल उतरून राहिला असते तेव्हा तुमची गाडी चालू असते की बंद?

काटोल टू कळमना

आपण संत्रा वाहतो. काटोलकडून भरून येतो, कळमन्यात खाली करतो, परततो रिकामा. मी जाताना इको लावतो, भरून येताना काढतो. माझा फरक चांगला पडतो, पण डेपोवाले काका म्हणतात तसा आकडा काढला नाही कधी. आंबिया बहारात एवढी धावपळ असते की जेवायलाच वेळ नाही, रजिस्टर कुठून लिहू.

ताई, गाद्या किती उंच लावता ते सांगा. आमचे क्रेट फाळक्याच्या वर दोन थर गेले की हायवेवर गाडी जड लागते, वजन तेवढंच असलं तरी. गाद्या तर हवेला भिंतच.

सातपुड्याचा फोर बाय फोर

माझी गाडी वेगळी आहे, टोयोटा हायलक्स, २.८ लिटर, ऑटोमॅटिक. धंद्याची नाही, देवलापारकडे शेत आहे म्हणून घेतली (बायको म्हणते शेत हे निमित्त). यात इको आणि पॉवर असे दोन मोड आहेत, दोन्ही काढले की नॉर्मल.

एक फरक लक्षात घ्या. ऑटोमॅटिकमध्ये मोड बदलला की गिअर कधी पडणार तेही बदलतं. इकोत लवकर वरचा गिअर टाकतो, पॉवरमध्ये खालचाच धरून ठेवतो. तुमच्या मॅन्युअल गाडीत गिअर ड्रायव्हरच्याच हातात, त्यामुळे बटनाचं अर्धं काम त्यालाच करावं लागतं. इको लावून तो तिसऱ्यातच पळवत असेल तर उपयोग नाही.

माझ्या गाडीचा इको एसीवरही हात ठेवतो. मे महिन्यात, बाहेर ४५ डिग्री असताना, मानसरच्या पुढे पोरांनी मागून आरडाओरड केली की मी इको काढतो. डिझेल गेलं खड्ड्यात.

आणि खरं सांगू का? मला मोडपेक्षा जास्त फरक वेगानं पडला. त्याच हायवेवर, त्याच मोडमध्ये, १०० नं गेलो तर साडेदहा, ८० ला धरून ठेवली तर बाराच्या वर. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, त्याला कोणतं बटन कमी करणार.

जाता जाता माझा मूर्खपणा. पावसाळ्यात शेतातल्या चिखलातून ४एच, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा मोड, लावून निघालो आणि ते तसंच ठेवून डांबरी रस्त्यानं घरापर्यंत आलो. वळताना गाडी अडखळत होती, मला वाटलं टायरला चिखल आहे. या गाडीत मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअर, नसतो. वळताना पुढच्या चाकांना मागच्यापेक्षा जास्त अंतर कापायचं असतं आणि ४एच त्यांना एकत्र बांधून ठेवतो. टायर घासतात, शाफ्टवर पीळ बसतो, डिझेलही जास्त. सर्व्हिसवाला नुसता हसला.

दिघोरीची बिछायतवाली

काका, राग कसला. तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी दुसऱ्या दिवशी बेसा रोडवरच्या लॉनवर स्वतः गेली. गाद्यांच्या ढिगावर बसली आणि मोबाइलमध्ये घड्याळ लावलं. माल उतरायला ४२ मिनिटं, आणि ४२ च्या ४२ मिनिटं इंजिन चालू. ड्रायव्हर केबिनमध्ये छोटा पंखा लावून बसला, मोबाइल चार्जिंगला. विचारलं तर म्हणतो, "एकदा बॅटरी उतरली होती वहिनी, पूर्ण मंडपवाल्यांनी धक्का मारला. तेव्हापासून बंद नाही करत."

बाकी सगळं सविस्तर सांगते, चार आठवडे लागले.

हलका माल, म्हणजे कापड, फुलांच्या फ्रेमा, खुर्च्या, आणि शहरातल्याच खेपा. एक आठवडा इको चालू, १३.१. एक आठवडा बंद, १२.२. म्हणजे सात टक्क्यांचा फरक, आणि तो दिसतो. मानेवाडा चौकातून जाताना मी शेजारी बसून पाहिलं. इको असलं की आमचा पोरगा सिग्नलला गाडी फेकूच शकत नाही.

जड माल, पाइप आणि कढया, दिघोरी ते उमरेड. जाताना भरून, येताना खाली, ८२ किलोमीटर. इको चालू ७.३ लिटर, बंद ७.१ लिटर. म्हणजे इकोनं उलट जास्त लागलं, पण काकांनी सांगितलं म्हणून या फरकावर मी काही म्हणत नाही. वेळ मात्र इकोला बारा मिनिटं जास्त लागला, आणि त्या बारा मिनिटांत मंडपाचे चार माणसं तिकडे बिडी फुंकत बसले होते, त्यांची रोजी मीच देते.

गाद्यांचं काटोलवाल्या भाऊंनी सांगितलं ते आधी डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही गाद्या केबिनच्या दीडपट उंच रचतो आणि वरून ताडपत्री, ती रिंग रोडवर फडफडत जाते. आता दोन खेपा करायच्या की एक उंच, याचा हिशेब वेगळा लावावा लागेल. सध्या ताडपत्रीला दोन दोर जास्त बांधले आणि साठच्या वर नेऊ नको म्हटलं. आकडा अजून काढला नाही.

आता मोठी गोष्ट. काका, उभ्या गाडीला तासाला किती डिझेल धरायचं?

डेपोतला माणूस

एवढ्या इंजिनाले अर्धा लिटर धरा, थोडं वर. पंखा आणि चार्जर म्हणजे काही ओझं नाही, एसी असता तर अजून वाढलं असतं. अन् बीएस-६ गाडीले दुसरंही एक दुखणं. सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ असते, काजळी धरायची जाळी समजा. ती भरली की गाडी जास्तीचं डिझेल टाकून ती काजळी जाळते, त्याच्यासाठी गाडी गरम आणि सलग चालावी लागते. तुमच्या गाडीचं काम काय, तर पाच किलोमीटर चालली अन् पाऊण तास उभी. जाळणं सुरू होते, गाडी बंद होते, पुन्हा पहिल्यापासून. डीपीएफचा दिवा लागला तर दुर्लक्ष नका करू. उमरेडसारखी लांबची सलग खेप तिले बरी. त्या खेपेले इको नका लावू.

बॅटरीचं पाणी तपासा, नाही तं टर्मिनल घासून घ्या. एकदा उतरलेल्या बॅटरीसाठी वर्षभर इंजिन चालू ठेवते का कोणी?

फुटाळ्याचा फुकटा

ठेवते ना काका, आमच्या गल्लीत आहे एक जण. ठेवतो, अन् वरून गाणी लावतो.

दिघोरीची बिछायतवाली

हिशेब लावला. महिन्याचे २६ दिवस, रोजची ४० मिनिटं. सतरा तास. अर्धा लिटर धरलं तरी साडेआठ लिटरच्या वर, म्हणजे पावणेआठशे-आठशे रुपये. ज्या बटनावरून दोन महिने घरात भांडण चाललं त्यानं शंभर वाचवले, आणि आठशे तिकडे उभ्या जागी धुरात गेले. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, मी म्हणतच होतो बटन बेकार आहे. आता यांना काय सांगू.

आता असं ठरवलं. खुर्च्या-कापडाची खेप, शहरात, इको चालू. पाइप, कढया, चढ, लांबची खेप, इको बंद. डॅशबोर्डवर पांढऱ्या टेपवर स्केचपेननं लिहून चिकटवलं: "पाइप = दिवा बंद." ड्रायव्हरला वाचून दाखवलं, तो हसला, पण काल बुटीबोरीला जाताना त्यानं स्वतःहून बटन काढलं.

बॅटरीचं टर्मिनल खरंच हिरवं पडलं होतं, मेकॅनिकनं पन्नास रुपयांत घासून दिलं. ड्रायव्हरला पॉवर बँक आणि त्याच्यावर चालणारा छोटा पंखा घेऊन दिला सीताबर्डीवरून, साडेअकराशेला. लॉनवर चावी काढून पोरांच्या हातात द्यायची, असं सांगितलं आहे. कालच्याला तो विचारून राहिला, "वहिनी, हे पैसे पगारातून कापणार का?"

नाही कापणार. रजिस्टरात डिझेलच्या रकान्यात लिहिले आहेत.