चार-पाच दिवस वीज नसेल तर व्हेप (ई-सिगारेट) चार्ज कसा ठेवायचा?

केटीकर:
जुलै 2024 च्या बेरिल वादळात ह्यूस्टन परिसरात 20 लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली होती. आमची पाचव्या दिवशी आली. 17 वर्षांची सिगारेट सोडून मी व्हेपवर आलोय. तिसऱ्या दिवशी तो बंद पडला आणि मी गॅस स्टेशनवरून सिगारेटचं पाकीट घेऊन आलो. बायको एक शब्द बोलली नाही, तेच जास्त लागलं. या वर्षी आधीच तयारी करायची आहे.

गल्फकाठ:
सेल बाहेर निघणारा आहे का? 18650 सेलमध्ये (व्हेपमध्ये बसणारा गोल, चार्ज होणारा सेल) साधारण 10 वॅट-तास मावतात. 20000 एमएएचची पॉवर बँक, गळती धरूनही, तो 4-5 वेळा भरते. फोनसाठी वेगळी ठेवा, नाहीतर घरात भांडण ठरलेलं. सुटे सेल प्लास्टिकच्या डबीतच ठेवा; खिशात किल्ल्यांना लागले तर शॉर्ट होऊन पेटतात.

केटीकर:
निघतो. गाडीत चार्ज केला तर?

गल्फकाठ:
चालेल, पण बंद गॅरेजमध्ये इंजिन अजिबात सुरू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि टेक्सासच्या उन्हात सेल गाडीत विसरू नका.

शुगरलँडची मावशी:
बाळा, निकोटीन गमचं एक पाकीटही घरात असू दे. त्याला वीज लागत नाही. माझ्या भावाने त्याच्यावरच सिगारेट सोडली. आणि भारतात जाताना व्हेप सोबत नेऊ नकोस, 2019 पासून तिकडे बंदी आहे.

केटीकर:
मावशी, गम आजच आणतो.