'सी मायनर'मधली 'की' : पट्टी, स्वर, स्केल की आणखी काही?

रेघोटी
दोन दिवस एका शब्दाशी अडले आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या एका कार्यक्रमाची पुस्तिका मराठीत करतेय. त्यात बीथोवनची पाचवी सिंफनी आहे, १८०८ साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली ती. पहिल्याच ओळीत तिची 'की', म्हणजे रचना कुठल्या स्वराच्या आधाराने आणि कुठल्या स्वरांत बांधली आहे ते, सांगितली आहे : सी मायनर. मी लिहिलं, 'ही रचना सी मायनर पट्टीत आहे.' मजकूर तपासून परत आला तो 'सी मायनर या रागात आहे' असा होऊन. समासात शेरा : 'पट्टी हा शब्द बोलीतला वाटतो, शिवाय वाचकाला फूटपट्टी आठवेल.'

मला पहिल्यांदा आजोळची पेटी आठवते, फूटपट्टी नाही. आजी रोज संध्याकाळी तिच्यावर पदं म्हणायची. तिची पट्टी काळी चार. मधल्या सप्तकातल्या त्या एका पट्टीचा काळा रंग घासून खालचं लाकूड दिसायला लागलं होतं, आणि शेजारची काळी तीन मात्र नव्यासारखी चकचकीत. तेव्हा 'पट्टी' म्हणजे बोटाखालची ती वस्तूही आणि आजीचा आवाज जिथे बसायचा ती जागाही, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

'की' तशीच ठेवावी, तर देवनागरीत ती वाचताच येत नाही. 'चौथ्या भागात की बदलते' हे वाक्य सहज म्हणून कुणालाही वाचायला द्या, डोळा 'की'वर अडखळतो आणि वाचणारा मागे जातो. तुम्ही काय लिहाल?

पायपेटी
पट्टीच लिहा. चाळीस वर्षं पेटीची साथ करतोय. गाणारा माणूस मंचावर येऊन बसला की पहिला प्रश्न एकच, 'पट्टी कुठली?' उत्तर येतं काळी एक, पांढरी दोन, काळी पाच. 'आपली की कुठली' असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

'राग' मात्र साफ चूक आहे, ते आधी काढून टाका. मायनर म्हणजे कुठले स्वर घ्यायचे एवढंच. रागाला चलन, म्हणजे स्वरांची ठरलेली चाल, लागतं; वादी-संवादी, म्हणजे त्यातले मुख्य स्वर, लागतात. एकट्या बिलावल थाटात, म्हणजे स्वरांच्या एकाच साच्यात, दुर्गाही बसतो आणि देसकारही, पण दोघांची तोंडवळ्यापासून ओळख वेगळी.

एक पुस्ती जोडतो. आपली पट्टी फक्त षड्ज, म्हणजे सा, कुठे ते सांगते. 'सी' म्हणजे पांढरी एक, इथवर पट्टीचं काम. 'मायनर'मध्ये गंधार, धैवत, निषाद कोमल होतात, ढोबळमानाने आपला आसावरी थाट. म्हणजे त्यांच्या एका 'की'त आपल्या दोन गोष्टी आहेत.

जुनी वही
पट्टी हा पेटीवाल्यांचा शब्द आहे, आणि पेटी आपली नाही. हार्मोनियमचं पेटंट देबॅं नावाच्या कारागिराने १८४२ साली पॅरिसमध्ये घेतलं. त्याआधी आपल्याकडे गाणं नव्हतं का? तंबोरा गळ्याप्रमाणे लावायचे आणि जो लागला तो षड्ज. आपला शब्द 'स्वर' आहे, 'सूर' आहे. 'कुठल्या स्वरात गाता?' हे वाक्य मी माझ्या गुरुजींच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलंय.

हा केवळ नावाचा हट्ट नाही. पट्टी म्हटलं की बारा ठरावीक घरं आली, प्रत्येकात शंभर-शंभर सेंटचं अंतर (सेंट म्हणजे दोन स्वरांतलं अंतर मोजायचं माप). तंबोऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो षड्जापासून ३८६ सेंटवर असतो, पेटीचा ४००वर. तयार कानाला हे चौदा सेंट खुपतात. आकाशवाणीने १९४०पासून १९७१पर्यंत पेटी बाहेर ठेवली, त्या वादात हाही मुद्दा होताच. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत लावलेल्या षड्जाला तुमची पट्टी काय नाव देणार?

पायपेटी
'काळी एकच्या जरा वर.' आम्ही असंच म्हणतो आणि सगळ्यांना कळतं.

पेटी परकी असेल, पण 'पट्टी' शब्द अस्सल मराठी आहे. घरपट्टी, पाणीपट्टी, जखमेवरची पट्टी, लाकडाची पट्टी. वाद्य आलं तेव्हा आपल्या माणसांनी त्याच्या लाकडी पट्ट्यांना पट्ट्या म्हटलं आणि पुढे त्या शब्दाने गळ्यापर्यंत मजल मारली. गोविंदराव टेंब्यांनी ज्या वाद्याला एकल वादनाच्या मानावर नेऊन बसवलं, त्याच्या शब्दाला कमी का लेखायचं? 'वरच्या पट्टीत बोलू नकोस' हे तर पेटीला कधी हातही न लावलेली माणसं म्हणतात.

मांडवीकाठ
पायपेटी, तुम्ही म्हणता तेच इंग्रजीतही झालंय. त्यांची 'की' मुळात कुलपाची. मध्ययुगातल्या लॅटिनमध्ये संगीतावर लिहिणारे स्वरांच्या खुणेला 'क्लाविस' म्हणत, म्हणजे किल्लीच. त्याचं इंग्रजीत 'की' केलं. मग ऑर्गनच्या दाबायच्या पट्ट्या 'की', आणि स्वरांची सगळी मांडणी तीही 'की'. वस्तूचं नाव सुरावर चढलं, दोन्हीकडे.

आता आमच्या बाजूची गंमत ऐका. त्याच 'क्लाविस'चा फ्रेंचमध्ये 'क्लेफ' झाला, जो पाच रेघांच्या सुरुवातीला काढतात. पोर्तुगीजमध्ये त्याचा 'शावी' झाला आणि तिथून आपल्या मराठीत, कोकणीत 'चावी' आली. म्हणजे घराची चावी आणि स्वरलिपीतला क्लेफ ही चुलत भावंडं आहेत. इंग्रजी 'की' मात्र या घराण्यातली नाही, तो त्यांचा जुना घरचा शब्द.

लहानपणी चर्चच्या शाळेत मेस्तांकडे, म्हणजे संगीताच्या मास्तरांकडे, सोल्फेज (स्वरांची नावं घेत गायचा अभ्यास) शिकलो. मेस्त 'तों' म्हणायचे, पोर्तुगीजमधला 'की'चा शब्द. याच शाळांत शिकलेले कितीतरी गोंयकार पुढे मुंबईला सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले, सेबॅस्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस त्यातलेच.

नादखुळा
आमच्याकडं भजनात सरळ 'स्केल' म्हणत्यात. 'बुवा, स्केल काय धरू?' एवढंच. पट्टी म्हणणारी जुनी माणसं आहेत, पण पंचविशीतली पोरं स्केलच म्हणत्यात. पेटी घ्यायला गेलं तरी दुकानदार विचारतो, साधी देऊ का स्केलचेंजर? मृदंग घेतानाही स्केल सांगूनच घ्यायचा. मग पुस्तिकेत 'सी मायनर स्केल' लिहा की. सगळ्यांना कळंल.

जुनी वही
कळेल, पण चुकीचं कळेल. स्केल म्हणजे स्वरांची चढती-उतरती ओळ. शिडीला लॅटिनमध्ये 'स्काला' म्हणतात, त्यावरून. सी मायनर स्केल म्हणजे त्या पट्टीतला आरोह-अवरोह. सिंफनी स्केलमध्ये नसते, 'की'मध्ये असते. इंग्रजी शब्द घ्यायचाच तर निदान त्यांच्या अर्थाने घ्या.

नादखुळा
शब्द आला की ज्याच्या तोंडात बसला त्याचा झाला. 'पेटी' म्हणजे ट्रंक होती, आम्ही वाद्य केलं. मग स्केलचेंजरमध्ये बदलतं काय, सांगा? आरोह बदलत नाही. सगळा पट्ट्यांचा पट्टाच उचलून बाजूला सरकवायचा, बोटं आपल्या सवयीच्या जागी राहत्यात आणि सूर चढतो नाहीतर उतरतो. म्हंजे षड्जच हलला ना? त्यालाच हजारो वाजवणारे स्केल म्हणत्यात. ते सगळे चुकीचे आणि डिक्शनरी बरोबर, हे मला पटत न्हाई.

दूरदेशी
इथे टोरांटोत माझा मुलगा पियानो शिकतो. बाईंनी त्याला सांगितलं, पुढच्या आठवड्यात 'जी'च्या की-मध्ये वाजवायचंय. घरी येऊन विचारतो, 'एकाच पट्टीवर अख्खं गाणं कसं वाजवणार?' म्हणजे इंग्रजीत वाढलेल्या मुलाचाही गोंधळ होतोच. त्याला मी आजीच्या भाषेत सांगितलं, की जी म्हणजे पांढरी पाच आणि तीच तुझा सा. तर म्हणे पांढरी पाच कशी, जी तर सातवं अक्षर! शेवटी पियानोसमोर बसवून सी-पासून मोजून दाखवलं : पांढरी एक सी, दोन डी, तीन ई, चार एफ, पाच जी. मग उजळला.

नंतर व्हिडिओ कॉलवर आई त्याला विचारते, 'कुठल्या पट्टीत वाजवतोयस राजा?' आणि हा मराठीत म्हणतो, 'पांढरी पाच.' मला फार बरं वाटलं. रेघोटी, माझं मत पट्टीला.

रेघोटी
मत पट्टीलाच होतं माझं, पण पायपेटींच्या पुस्तीने आता पंचाईत केलीय. पुढचा मजकूर बघा. सिंफनी सी मायनरमध्ये सुरू होते आणि शेवटचा भाग सी मेजरमध्ये आहे. इंग्रजीत 'की' बदलली. मराठीत? षड्ज दोन्हीकडे पांढरी एकच! गंधार, धैवत, निषाद शुद्ध झाले एवढंच. तिथे 'पट्टी बदलते' लिहिलं तर ते खोटं ठरेल.

दुसऱ्या भागात मात्र पट्टी खरोखर बदलते. तो ए फ्लॅट मेजरमध्ये आहे, म्हणजे काळी चार. आजीची पट्टी. हे लक्षात आलं आणि काल रात्री दिवा मालवून तो भाग दोनदा ऐकला. सुरुवातीला व्हायोला आणि चेलो ती संथ धून घेऊन येतात. पेटी असती तर झिजलेल्या पट्टीवर षड्ज धरून बसले असते.

पायपेटी
फार चांगलं निरीक्षण. मग शेवटच्या भागासाठी 'पट्टी तीच राहून स्वर शुद्ध होतात' असं लिहा. वाचणाऱ्याला जास्त कळेल, 'की बदलते'ने काहीच हाती लागत नाही. आपल्याकडे मैफलीत पट्टी मध्येच बदलत नाही, म्हणून आपला शब्द तेवढाच रुंद आहे. षड्ज हलवल्यावर काय होतं ते मात्र आपल्या लोकांना पक्कं ठाऊक आहे. भूपाच्या पाच स्वरांतला गंधार षड्ज मानून पाहा, मालकंस उभा राहतो. एकही स्वर बदलायचा नाही. मूर्च्छना म्हणतात त्याला.

टंकक
सगळ्यांनी एक शब्द सोडलाच : कळ. संगणकाच्या कीबोर्डला 'कळफलक' म्हणतोच ना आपण? मी मराठी टंकलेखनाची ३० आणि ४० शब्दांची परीक्षा दिलेला माणूस. कळ दाबली की खिळा उठून फितीवर आपटायचा, आणि जोरात टंकलं की दोन खिळे एकमेकांत अडकायचे. 'की'चं सगळं घराणं कळीत बसतं : यंत्राची कळ, कळफलक, कळीचा मुद्दा.

जुनी वही
थांबा, 'कळीचा मुद्दा' त्यात ओढू नका. तो किल्लीचा मुद्दा नव्हे. कळ म्हणजे भांडण. कळ काढणे, कळीचा नारद. ज्यावरून कलह होतो तो कळीचा मुद्दा. वर्तमानपत्रांनी इंग्रजी वाक्यांवरून त्याचा अर्थ 'सर्वांत महत्त्वाचा मुद्दा' असा करून टाकला.

टंकक
वर्तमानपत्रांनी केला असेल, पण मग तो झाला ना? ज्या मुद्द्यावर सगळं फिरतं तो यंत्राच्या कळीसारखाच. 'अर्थसंकल्पात शेती हा कळीचा मुद्दा' असं वाचून आज कुणाला भांडण आठवत नाही. माझ्या मुलीला विचारलं, ती म्हणाली फुलाची कळी, कारण पुढचं सगळं तीतून उमलतं. एका शब्दाला तीन मुळं मिळाली तर तो मेला नाही, वाढला.

जुनी वही
मुळं सापडणं आणि मुळं चिकटवणं यात फरक आहे. फुलाच्या कळीचं ऐकून वाईट वाटलं, कारण त्या मुलीपर्यंत 'कळीचा नारद' पोचलाच नाही. ते पोचवायचं काम आपलं होतं.

मांडवीकाठ
या जोडीला भाषणाचा शब्दही घ्या. इंग्रजीत 'कीनोट' म्हणजे मूळ संगीतात षड्ज, ज्याच्या आधाराने बाकीचे स्वर उभे राहतात. संमेलनातल्या त्या भाषणाला आपण 'बीजभाषण' केलं. शब्द सुंदर आहे, पण संगीत निघून गेलं आणि शेत आलं. 'षड्जभाषण' का नको?

दूरदेशी
बीजभाषण रुळलंय, त्याला हात लावू नका.

नादखुळा, एक विचारायचं राहिलं. मृदंग स्केल सांगून घ्यायचा म्हणालात. पण तो लावता येतो ना वर-खाली? मग आधीच का ठरवायचं?

नादखुळा
लावता येतो, पण थोडाच. शाईचं तोंड जितकं लहान, तितका तो चढ्या सुराचा. वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकून वर घ्यायचा म्हटलं तर जरा चढतो, लई ताणला तर पान फाटतं. उतरवला तर आवाज मेल्यागत होतो. म्हणून बुवांचा गळा बघून जोडी ठेवत्यात, एक पांढरी चारचा, एक काळी चारचा. डाव्या तोंडाला कणीक लावायची, ती ताजी मळलेली पाहिजे आणि लई सैल नको, न्हाईतर पहिल्या अभंगातच घसरते. तिचा गोळा किती मोठा, यावर खालचा आवाज ठरतो. ते काय स्केलमध्ये मोजत न्हाईत. हातानं थाप मारून बघायचं, परत थोडी काढायची, परत थाप.

रेघोटी
नादखुळा, त्या कणकेच्या बाजूला तुमच्याकडे काय म्हणतात? धुम की धामा? माझ्या टिपणवहीत दोन्ही आहेत.