विषय: पारोळ्याजवळचं ट्रक पार्किंग – सोमवारी मुरूम टाकायचा का? शुक्रवारपर्यंत सांगा

सुनील (सध्या धुळ्यात)
मंडळी, आबांच्या शेतात ट्रकवाल्यांना थांबायला पार्किंग करायचंय, त्यासाठी जेसीबी आणि मुरुमाच्या गाड्या सोमवारी येतायत, आबांनी शब्द देऊन ठेवलाय. पण काल हायवेवाले साहेब येऊन सांगून गेले, राष्ट्रीय महामार्गाला नवीन रस्ता जोडायचा तर आधी परवानगी, नाहीतर तोंडावर चर खणून ठेवू. आबा म्हणतात, सातबारा माझा, शेताचा रस्ता जुनाच. त्या रस्त्याने बैलगाडी वळते, कंटेनर वळत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

वैशाली
सुनीलभाऊ, खजिनदार म्हणून परत एकदा लिहिते, आपल्या मिनेसोटातल्या मंडळाच्या खात्यातून यात एक डॉलर जाणार नाही. परदेशी संस्थेचा पैसा भारतात घ्यायचा तर घेणाऱ्याकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, परवानगी लागते. आबांकडे आहे का? ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिले तर ती अडचण येत नाही. इथलं नागरिकत्व घेतलेल्यांनी जरा थांबा. मागच्या कमिटीसारखं 'आधी पाठवू, मग बघू' माझ्याकडे चालणार नाही.

मंगेश
वैशालीताई, मागच्या कमिटीवर नंतर बोलू. सुनील, परवानगीशिवाय मुरूम टाकू नकोस. आणि अर्जात आत यायचं तोंड वेगळं, बाहेर पडायचं वेगळं दाखव. रात्री कंटेनर रिव्हर्समध्ये हायवेवर आला की मागच्याला काही दिसत नाही.

मी इथे अठरा चाकी चालवतो. अकरा तास चालवलं की पुढे दहा तास सक्तीची विश्रांती, इलेक्ट्रॉनिक लॉगमध्ये मिनिटन् मिनिट दिसतं. पण थांबायचं कुठे? २००९ मध्ये दक्षिण कॅरोलायनात जेसन रिव्हनबर्ग माल उतरवायच्या ठिकाणी लवकर पोचला, आत घेईनात, म्हणून बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर थांबला. तिथे सात डॉलरसाठी त्याचा खून झाला. त्याच्या बायकोने पाठपुरावा केला तेव्हा २०१२ मध्ये ट्रकच्या सुरक्षित पार्किंगसाठी 'जेसन्स लॉ' आला. तो केंद्राचा. आपल्या मिनेसोटाच्या कायद्याने ट्रकवाल्याला रेस्ट एरियात सलग दहा तास थांबता येतं. पुढच्या थांब्यावर किती जागा रिकाम्या, याचे बोर्डही आसपासच्या राज्यांनी मिळून लावलेत. बोर्डाने जागा वाढत नाही, ती गोष्ट वेगळी.

पाटीलकाका, सावदा
मंगेश, कायदा आपल्याकडे १९६१ मध्येच आला, मोटार वाहतूक कामगाराला दिवसाला आठ तास. केळीच्या गाडीवाल्याला जाऊन सांग, हसेल तो. रावेरला माल भरला की दिल्लीपर्यंत त्याला थांबणं परवडत नाही. थांबतो तो ढाब्यासमोर, साईडपट्टीवर, पार्किंग लाइट बंद करून. बॅटरी उतरेल म्हणे! धोकादायक जागी गाडी उभी करू नये असं मोटार वाहन कायद्याचं १२२ कलम सांगतं, पण ढाब्यावर कलम कोण वाचतो. टायर बसला तर मागे चार दगड आणि बाभळीची फांदी. टायर बदलून गाडी जाते, दगड तिथेच. एरंडोलच्या अलीकडे आमच्या साडूंची मोटारसायकल असल्याच दगडावर गेली. खांदा निखळला, अजून हात वर जात नाही.

शुभांगी
काका, एरंडोलकडे बाभळी राहिल्यात कुठे? निंबाची फांदी असेल. साडूंना आता बरं आहे ना?

कायदा नुसता कागदावर राहत नाही, एवढं मात्र मी इथे पाहिलंय. १ ऑगस्ट २००७ ला मिनियापोलिसमधला ३५डब्ल्यू हायवेचा पूल नदीत गेला, १३ माणसं गेली. पुढच्याच फेब्रुवारीत विधिमंडळाने गव्हर्नरचा नकाराधिकार मोडून ६.६ अब्ज डॉलरचा रस्ते-पुलांचा कायदा केला आणि पेट्रोलवर करही वाढवला. तेव्हा कुरकुर आपल्याच लिस्टवर सगळ्यात जास्त झाली होती!

मंगेश
शुभांगीताई, तेरा माणसं गेल्यावर.

सुनील
पुलाचं नंतर बोला हो, माझ्यापुढे जेसीबीवाला उभा आहे. असं करतो, मुरूम आतल्या भागात टाकून घेतो आणि हायवेकडचं तोंड तसंच सोडतो. अर्ज उद्या देतो. आबांना चहाची टपरी अगदी रस्त्याला चिकटून हवीय, गिऱ्हाईक दिसलं पाहिजे म्हणून. जुलै २०२३ मध्ये पळासनेरला ब्रेक फेल झालेला ट्रक रस्त्याकाठच्या हॉटेलात घुसला, ते सगळं सांगून झालं. 'तो घाट, इथे सपाट' म्हणतात. माझं ऐकत नाहीत, कोणी तरी मोठ्याने बोला.

पाटीलकाका, सावदा
आबाला मी फोन करतो, टपरी मागे घेईल. पण चारनंतर करीन, दुपारी झोपलेला असला की शिव्या देतो. वैशाली, माझा पासपोर्ट भारतीयच आहे गं बाई, माझे पैसे चालतील ना?