कोकणातल्या घरात खाणं हळूहळू कसं बदललं? (अनुभव धागा)

कातळावरची:
लेकीला शाळेतून भरडधान्यांचा तक्ता करायला दिलाय. नाचणीचं कणीस रंगवता रंगवता विचारते, "आई, ही ऑनलाइनच मिळते ना?" गुहागरला हिच्या पणजीच्या वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीत नाचणी व्हायची. पडवीत कणसं वाळत पडलेली असायची आणि आम्हा पोरांना सकाळी ताक घातलेली आंबील. ते सगळं कधी गेलं आणि त्या जागी बिस्किटांचा डबा कधी आला, कळलंच नाही.

गेल्या काही वर्षांत थोडं थोडं परत आणलंय. फतवा काढला असता तर घरात बंडच झालं असतं. म्हणून आधी पोळीच्या कणकेत मूठभर नाचणीचं पीठ. मग घावण्यात. भाकरी सगळ्यात शेवटी, तीही उकड काढून, नाहीतर थापताना चिरते. सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, "पोळ्या करपल्या का गं?" आता त्याच दळणात नाचणी आहे ना बघतात. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे कळल्यापासून त्यांच्या गुडघ्यांनीही पाठिंबा दिलाय.

तुमच्याकडे काय टिकलं, काय आपटलं? लिहा.

देवगडकर:
उकडा तांदूळ. मुंबईत असताना पांढराशुभ्र, पॉलिश केलेला खायचो. गावी परतल्यावर बाबांनी उकडा सुरू केला. मुलं म्हणाली वास येतो. मग रात्री पांढरा भात आणि सकाळी उकड्याची पेज, असा तह झाला. साळीच वाफवून मग भरडतात, त्यामुळे कोंड्यातलं ब जीवनसत्त्व दाण्यात मुरतं, म्हणून पॉलिशपेक्षा बरा. पण बाबांना डायबेटिस आहे आणि त्यांनी "उकडा आहे" म्हणून दोन वाढप जास्त घ्यायला सुरुवात केली 😄 डॉक्टरांनी खडसावलं, उकडा झाला तरी भात तो भातच, वाटीने मोजून घ्या.

सुकटप्रेमी:
पेज आणि खारातली मिरची. बस्स. बाकीचं नंतर वाचते, कुकर लावलाय.

झिलाची आवस:
आमच्या झिलाक नूडल्सच व्हये. कुळथाची पिटी केलंय की तोंड वाकडा. मगे तेकाच कुळीथ भाजूक बसवलंय, जात्याची खुटी धरूक दिलंय. आपण दळलेल्या पिटाची पिटी म्हणान दोन वाटये खाल्ल्यान. नूडल्स बंद नाय झाले हां, फक्त रविवारचे झाले.

कातळावरची:
@झिलाची आवस अगो, तुझ्याकडे जातं आहे अजून? आमचं तुळशीपाशी पालथं पडलंय.

बंदरावरचा:
मासे खाणाऱ्यांचं कोणीच लिहीत नाही का? आमच्याकडे सुरमई-पापलेटच्या नादात तारली, पेडवे बंदच झाले होते. "काटे कोण काढत बसणार?" खरं तर चांगली चरबी या स्वस्त मासळीतच भरपूर आणि मऊ काट्यांसकट खाल्ली तर कॅल्शियमही. तव्यावर थोड्या तेलात कुरकुरीत केली की पोरं काट्यासकट चावतात. तळण बंद म्हटलं नाही, कढईऐवजी तवा ठेवला एवढंच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद, तेव्हा घरात वालाचं बिरडं, कुळीथ, चवळी. पूर्वी ते दोन महिने रडत काढायचो. आता बायको म्हणते बंदी वाढवा.

रोह्याची सून:
पावसात रानभाज्या!! टाकळा फुलायच्या आधी, कोवळा असतानाच खुडायचा. शेवळं मात्र अंदाजाने करू नका, काकडं (आंबट रानफळं) घातल्याशिवाय घसा असा खाजतो की विचारू नका. आणि ओळखीच्या कातकरी बाईकडूनच घ्या. मोबाइलवरचे फोटो बघून रानात शिरणारे बघितलेत मी.

देवगडकर:
थंड पेयांच्या बाटल्या कोणी बंद केल्या का? आमच्या फ्रिजचं दार अजून त्यांनीच अडवलंय.

आगळवाली:
@देवगडकर आम्ही. कोकम आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, आणून ठेवलं. पाणी, जिरेपूड, चिमूटभर साखर. दुकानातलं अमृत कोकम म्हणजे पाक असतो हो, ते पिऊन "नैसर्गिक" म्हणायचं तर बाटली काय वाईट? आणि आगळात मीठ असतं, त्यामुळे बीपीवाल्यांनी बेताने, वरून मीठ अजिबात नको. आमच्या ह्यांनी सोलकढी पेल्याने ढोसून वर लोणचं घेतलं होतं.

नारळीबाग:
रिफाइंड सोडा, घाण्याचं खोबरेल वापरा. अमृत आहे. सगळे आजार पळतात.

बंदरावरचा:
@नारळीबाग चवीला मान्य. पण त्यात ९० टक्क्यांच्या आसपास संपृक्त चरबी असते. माझ्या काकांना हृदयाच्या डॉक्टरांनी हात आखडायला सांगितलंय. फोडणीला चमचाभर ठीक, अमृत वगैरे नको.

नारळीबाग:
आमचे आजोबा खोबरेलावरच नव्वदी पार गेले.

झिलाची आवस:
आजोबा माडार चडायचे मां? तुमी लिफ्टीन जातास 😂

सुकटप्रेमी:
आले. कुकर झाला. पुण्यात तिरफळं कुठे चांगली मिळतात? बांगड्याच्या तिखल्यात घालायला. मागच्या वेळी आणली ती नुसती काडीकचरा.

आगळवाली:
@सुकटप्रेमी गावाहून येणाऱ्या कोणालाही सांग. आतली काळी बी टाकून दे, सालं तेवढी ठेव. घट्ट डब्यात वर्षभर राहतात.

रोह्याची सून:
येताना आठळ्याही (फणसाच्या बिया) मागव. मातीत घोळवून ठेवलेल्या असल्या तर पावसाळाभर टिकतात.

सुकटप्रेमी:
भाचा गणपतीला गावी जाणारे, त्याच्या मानगुटीवर बसते. आठळ्या तोवर उरतात का पण?

रोह्याची सून:
आमच्याकडे तरी नाही उरत. आत्ताच सांगून ठेव.